मूळ पात्र गोरे होते! : एका युक्तिवादाची साधनचिकित्सा

१/ हॉलिवूडच्या एखाद्या सुपरहिरोपटात कृष्णवर्णीय कलावंताची निवड जाहीर झाली की एक वाक्य हटकून कानी पडते : ‘मूळ पात्र गोरे होते, मूळ संहितेशी, इतिहासाशी प्रामाणिक राहा.’ वाक्य सभ्य आहे आणि इतिहासप्रेमींना ते चटकन पटते. ते इतिहासाच्या कसोटीवर टिकते का, हे तपासण्यासाठी हा थ्रेड.

२/ आधी तीन प्रकरणे. २०१० : ‘थॉर’ चित्रपटातील हाइमडाल या नॉर्स देवाची भूमिका इद्रिस एल्बा करणार म्हणून बहिष्काराची हाक. २०१५ : ‘फँटास्टिक फोर’मध्ये जॉनी स्टॉर्मच्या भूमिकेत मायकल बी. जॉर्डन, विरोध इतका, की चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांना एका साप्ताहिकात लेख लिहून उत्तर द्यावे लागले. २०१८ : ‘टायटन्स’ मालिकेत स्टारफायरच्या भूमिकेत सेनेगलमध्ये जन्मलेल्या ॲना डिऑप, त्यांच्यावर इन्स्टाग्रामवर वर्णद्वेषी शिव्यांचा असा भडिमार झाला, की प्रतिक्रियांची दारे लावून घ्यावी लागली.

३/ तिन्ही वेळा आधार एकच : ‘मूळ’. आता इतिहासाभ्यासाचा पहिला धडा आठवा. कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणाच्या आश्रयाने लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात काय गाळले, हे विचारायचे. बखर वाचताना हे प्रश्न आपण विचारतोच. मग कॉमिक्सच्या पानाला त्यातून सूट का? ते पानही एक साधन आहे, आणि साधनाची चिकित्सा झालीच पाहिजे.

४/ हाइमडालपासून सुरुवात करू. विरोधकांच्या बाजूने एक पुरावा खरोखर आहे, तो लपवण्याचे कारण नाही : जुन्या नॉर्स काव्यात हाइमडालला देवांमधील सर्वांत शुभ्र म्हटले आहे. पण त्याच परंपरेत थॉर तांबड्या दाढीचा आहे. मार्व्हलने ऑगस्ट १९६२ च्या ‘जर्नी इंटू मिस्ट्री’ अंकात त्याला पुढे आणले ते गुळगुळीत दाढी केलेला, सोनेरी केसांचा तरुण म्हणून. वर त्याला एका लंगड्या अमेरिकी डॉक्टरच्या देहात दडवले.

५/ म्हणजे देवाची दाढी गेली, केसांचा रंग गेला, राष्ट्रीयत्वही बदलले. अर्धशतकभर या ‘विटंबने’विरुद्ध कोणी बहिष्कार पुकारला नाही. निष्ठा संहितेवर असती तर ती तांबड्या दाढीसाठीही जागी झाली असती. ती जागी झाली ती फक्त कातडीच्या रंगासाठी. निवडक निष्ठेला निष्ठा म्हणत नाहीत. तिला पक्षपात म्हणतात.

६/ आता त्या बहिष्काराचे कुळ पाहू. हाक देणारी संघटना होती ‘कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स’. तिची मुळे अमेरिकेच्या दक्षिणेतील ‘सिटिझन्स कौन्सिल’ या गोऱ्या संघटनांत होती. मे १९५४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. त्याला विरोध करण्यासाठी त्याच वर्षीच्या जुलैत मिसिसिपी राज्यात पहिली सिटिझन्स कौन्सिल उभी राहिली. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसू न देणारी ही परंपरा पुढे काळ्या नटाला ॲसगार्डच्या वेशीवर उभा राहू देईना. १९५४ हे साल लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

७/ आता खुद्द कॉमिक्सचे पान. १९३८ मध्ये सुपरमॅन जन्माला घातला तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी. कॅप्टन अमेरिकाच्या जनकांपैकी जॅक कर्बी यांचे जन्मनाव जेकब कुर्त्झबर्ग. स्टॅन ली यांचे स्टॅन्ली लिबर. अमेरिकेत निभावून जायचे तर नाव असे हवे, की ऐकणाऱ्याने वंश विचारू नये, हे या पिढीला ठाऊक होते. त्यांनी रेखाटलेला सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा नायकही त्याच बाजारभावाचे अपत्य होता.

८/ त्या पानांवर काळी माणसे नव्हती असे नाही. होती, पण जाड ओठांची, वेडगळ बोलीची, हसे करून घेण्यापुरती. ‘द स्पिरिट’मधला एबनी व्हाइट (१९४०), ‘यंग अलाइज’मधला व्हाइटवॉश जोन्स (१९४१), कॅप्टन मार्व्हलच्या कथांतला स्टीमबोट ही त्याची ठळक उदाहरणे. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलांचे एक शिष्टमंडळ स्टीमबोटविरुद्ध तक्रार घेऊन थेट प्रकाशकांकडे गेले, आणि ते पात्र बंद झाले. मुलांना जे खुपले ते संपादकांना तोवर खुपले नव्हते.

९/ ‘मग त्यांनी स्वतःचे नायक निर्माण करावेत’ असा सल्ला आजही दिला जातो. तो १९४७ मध्येच अमलात आला होता. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय पत्रकार ऑरिन सी. एव्हन्स यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढले. लेखक, चित्रकार, नायक सारे कृष्णवर्णीय. किंमत १५ सेंट. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, पण एव्हन्स यांना कागद विकायला कोणी तयार होईना. दुसरा अंक निघालाच नाही. नायक होता, चित्रकार होते; अडवला गेला तो कोरा कागद.

१०/ आता पुन्हा १९५४. मुले बिघडत असल्याची ओरड आणि सिनेटच्या सुनावण्या यांमुळे धास्तावलेल्या प्रकाशकांनी त्या वर्षी स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. कोडच्या शिक्क्याविना अंक विक्रेत्यांपर्यंत पोचणे दुरापास्त झाले. या संहितेत वंशाची टिंगल करू नये असे कलमही होते. कलम कागदावर कसे आणि अंमलात कसे, याचा एक नमुना इतिहासाने जपून ठेवला आहे.

११/ ईसी कॉमिक्सची ‘जजमेंट डे’ ही कथा. यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा प्रतिनिधी पाहणीला येतो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना खालच्या वस्तीत डांबून ठेवतात. आतली यंत्रणा मात्र दोघांची एकच. तो ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात प्रवेश नाकारतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि वाचकाला कळते की तो कृष्णवर्णीय आहे.

१२/ कथा १९५३ मध्ये छापून झाली होती. फेब्रुवारी १९५६ च्या अंकात पुनर्मुद्रणासाठी ती कोडच्या कचेरीत गेली, तेव्हा प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी हरकत घेतली : अंतराळवीर काळा चालणार नाही. पण काळा असणे हाच कथेचा अर्थ होता! प्रकाशक बिल गेन्स यांनी प्रकरण चव्हाट्यावर आणण्याची धमकी दिली आणि कथा न बदलता छापली. ईसीचे ते अखेरचे कॉमिक बुक ठरले.

१३/ आणखी सात वर्षांनी, १९६३ मध्ये, ‘सार्जंट फ्युरी’ मालिकेत गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक आला. पहिल्या अंकात तो छापला गेला गोऱ्या कातडीचा! गोऱ्यांच्या तुकडीत काळा शिपाई ही रंगकाम करणाऱ्यांना मजकुरातली चूक वाटली, आणि पुढे त्यांना सविस्तर सूचना पाठवावी लागली, असे स्टॅन ली सांगत. निर्मात्यांच्या मनात पात्र काळे, छापील अंकात गोरे. आता सांगा, ‘मूळ’ कोणते?

१४/ जॉनी स्टॉर्म ज्या अंकातून अवतरला तो नोव्हेंबर १९६१ चा आहे. म्हणजे तो या जगातला : कागद नाकारला जातो, शेवटची चौकट अडवली जाते, शाई आपोआप गुलाबी होते. तिथे नायक गोरा निघाला याचे नवल ते काय? त्याचे गोरेपण हा एका बंदिस्त व्यवस्थेचा शिरस्ता होता. शिरस्त्याला संहिता समजणे ही साधनचिकित्सेतील मूलभूत चूक आहे.

१५/ पडद्याचा इतिहास याहून निराळा नाही. हॉलिवूडच्या १९३० च्या निर्मितीसंहितेने गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध पडद्यावर दाखवणे निषिद्ध केले. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी झाली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) ही चिनी शेतकऱ्यांची कथा. नायक वाँग लुंग झाले पॉल म्युनी, त्याची बायको ओ-लान झाल्या लुइझ रायनर. दोघेही गोरे. हॉलिवूडमध्ये तेव्हा ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री होती. ओ-लानची भूमिका तिला मिळाली नाही. रायनर यांना मात्र ऑस्कर मिळाले.

१६/ या व्यवस्थेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन कुटुंबातली एक मुलगी पुढे मर्ल ओबेरॉन या नावाने हॉलिवूडची तारका झाली. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. आपला जन्म टास्मानियातला, असे ती जन्मभर सांगत राहिली. नायिका व्हायचे तर मुंबई लपवावी लागे.

१७/ ‘वर्ण पाहू नका, गुणवत्तेवर निवड करा’ असेही म्हणतात. उत्तम, मग एक करार वाचू. सोनी आणि मार्व्हल यांच्यातील सप्टेंबर २०११ चा स्पायडरमॅनविषयक परवाना-करार सोनीच्या फुटलेल्या कागदपत्रांतून २०१५ मध्ये उजेडात आला. त्यात पीटर पार्करची अनिवार्य लक्षणे दिली होती. त्यांपैकी एक : तो श्वेतवंशीय असला पाहिजे. चाचणी परीक्षेला कोण किती गुणवान आला, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१८/ तारखा शेजारी ठेवून पाहा. २०१० मध्ये कृष्णवर्णीय अभिनेते डोनल्ड ग्लोव्हर यांना निदान स्पायडरमॅनच्या चाचणीला बोलवा, अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालली. ऑगस्ट २०११ मध्ये कॉमिक्सच्या एका मालिकेत माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय-लॅटिनो स्पायडरमॅन आला. त्याच्या पुढच्याच महिन्यातला हा करार. पानावर दार उघडले आणि पडद्यावरच्या पीटर पार्करसाठी ते करारानेच बंद राहिले. वर्ण पाहून निवड करणारे कोण, हे इथे कागदोपत्री नोंदलेले आहे.

१९/ स्टारफायरचे प्रकरण तर या युक्तिवादाचे पितळ उघडे पाडणारे आहे. ती १९८० सालच्या कॉमिक्समध्ये आली परग्रहावरची राजकन्या म्हणून, आणि तिची कातडी आहे नारिंगी! मूळ वर्णाचाच आग्रह असेल, तर पृथ्वीतलावरची एकही अभिनेत्री पात्र ठरत नाही. तरीही शिव्या खाल्ल्या त्या एका काळ्या अभिनेत्रीने. निष्ठेचा मुखवटा इथे गळून पडतो. आत उरतो तो निव्वळ द्वेष.

२०/ उलट दिशेचे बदल पाहा. रा’स अल घुल हे अरबी नावाचे पात्र. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) मध्ये लियम नीसन. बेन हा कॅरिबियनमधील एका काल्पनिक लॅटिन बेटावरचा. ‘द डार्क नाइट राइझेस’ (२०१२) मध्ये टॉम हार्डी. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) मधील एन्शंट वन कॉमिक्समध्ये तिबेटी. पडद्यावर टिल्डा स्विंटन. टीका यांवरही झाली. आशियाई वंशाच्या अमेरिकनांनी स्विंटन यांच्या निवडीवर कडाडून केली. पण ‘मूळ, मूळ’ म्हणून एरवी रान उठवणारे त्यांच्या पाठीशी मोठ्या संख्येने उभे राहिलेले दिसले नाहीत.

२१/ एन्शंट वनची कथा विशेष आहे. चित्रपटाच्या सहलेखकांपैकी एकाने मुलाखतीत उघड बोलून दाखवले, की पात्र तिबेटी ठेवले तर चीनमधला बाजार आणि तिथले शासन दुखावण्याचा धोका होता. स्टुडिओचा अधिकृत खुलासा निराळा होता. आशियाई गुरूचा जुनाट साचा टाळायचा होता, असे दिग्दर्शकाचे म्हणणे. कारणे काहीही असोत, शेवटी पुसला गेला तो तिबेट. २०२१ मध्ये मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी या टीकेने आपले डोळे उघडल्याचे मान्य केले.

२२/ आता विरोधकांचा हुकमी प्रश्न : ‘काळा जॉनी चालतो, मग गोरा ब्लॅक पँथर का चालू नये?’ प्रश्न टाळण्याजोगा नाही. उत्तरासाठी एक कसोटी पुरे : पात्राचा वंश काढून घेतला, तर कथा उभी राहते का? ब्लॅक पँथरचे वाकांडा हे वसाहतवाद्यांच्या तावडीत कधीच न सापडलेले आफ्रिकी राज्य आहे. राजा गोरा केला की त्या कल्पनेचा कणाच मोडतो.

२३/ ही कसोटी गोऱ्यांविरुद्धची नाही. ‘एक्स-मेन’मधला मॅग्नेटो घ्या. तो नाझी छळछावणीतून वाचलेला ज्यू आहे. २००० सालचा चित्रपट उघडतोच १९४४ च्या पोलंडमधील छावणीत. त्याचा संताप, त्याचा अविश्वास, त्याची हिंसा या एका अनुभवातून येते. त्याचे ज्यूपण काढून तिथे कोणाचेही कूळ चिकटवले तर पात्र मरते. म्हणून ते राखले पाहिजे.

२४/ आता जॉनी स्टॉर्म. उतावळा, विनोदी, भडकू तरुण; अंगाला आग लावून उडतो. या वर्णनातला कोणता शब्द गोऱ्या कातडीवर अवलंबून आहे? ‘पण बहीण स्यू गोरी आहे’ म्हणाल, तर पटकथेने तिला दत्तक दाखवले. चित्रपट कोसळला हे खरे. पण तो कोसळला विस्कळीत पटकथेने. त्याचे खापर जॉर्डन यांच्या कातडीवर फोडणे अन्यायाचे आहे. हेच जॉर्डन २०१८ मध्ये ‘ब्लॅक पँथर’चे खलनायक किलमाँगर झाले, आणि तो चित्रपट जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमावून गेला.

२५/ म्हणून स्टुडिओंची आरती ओवाळावी असे मात्र नाही. नटाचा वर्ण बदलायचा आणि त्या वर्णाच्या माणसाला अमेरिकेत जे भोगावे लागते त्याचा ओझरता उल्लेखही करायचा नाही, हा स्वस्तातला पुण्यसंचय आहे. पुढे शिव्यांचा मारा होतो तो नटावर. टाळ्या घेतो तो स्टुडिओ. ब्लॅक पँथर १९६६ मध्ये कागदावर आला आणि स्वतःचा चित्रपट मिळवायला त्याला ५२ वर्षे लागली. मार्व्हलचा ‘ब्लेड’ (१९९८) कृष्णवर्णीय नायकासह यशस्वी झाल्यावरही वीस वर्षे.

२६/ वर्णबदल कसा असावा याचा वस्तुपाठही उपलब्ध आहे. १९६९ मध्ये कॉमिक्समध्ये आलेला फाल्कन, म्हणजे सॅम विल्सन, पुढे कॅप्टन अमेरिका होतो. २०२१ च्या मालिकेत त्याला आयझाया ब्रॅडली भेटतो : जुन्या पिढीचा काळा सैनिक, ज्याच्यावर सरकारने गुपचूप प्रयोग केले आणि नंतर ज्याला तुरुंगात डांबले. ही कल्पना २००३ च्या ‘ट्रूथ’ या कॉमिक्सची, आणि तिच्यामागे खरा इतिहास आहे.

२७/ तो इतिहास टस्कीगीचा. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामात अमेरिकी सार्वजनिक आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर उपदंशाचा ‘अभ्यास’ केला. त्यांपैकी ३९९ जण रोगी होते. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. हे ठाऊक असलेला काळा माणूस ती ढाल हाती घेताना का कचरतो, हे मालिका विचारते. इथे वर्ण वरून फासलेला नाही. कथाच त्यातून उगवली आहे.

२८/ तेव्हा तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी ‘मूळ पात्र गोरे होते’ म्हणाले, तर वाद घालण्याआधी चार प्रश्न विचारा. ते गोरे कोणी ठरवले? तेव्हा दुसरे काही ठरवण्याची मुभा होती का? कथेचा कणा त्या वर्णावर उभा आहे का? आणि हा माणूस तांबड्या दाढीसाठी, तिबेटी गुरूसाठी कधी भांडला होता का?

२९/ शेवटी एक गोष्ट. ‘मूळ’ संहितेचे जसे निर्माते असतात, तसे मूळ वाचकही असतात. १९४५ मध्ये स्टीमबोटविरुद्ध प्रकाशकांच्या दारात गेलेली मुले कॉमिक्सची वैरी नव्हती. ती वाचकच होती. पदरचे पैसे मोडून अंक घेणारी, आणि त्यात आपल्या वर्गमित्राचे माकड केलेले पाहून संतापणारी. ‘पात्र बदला’ ही मागणी काल-परवाची नाही. ती जॉनी स्टॉर्मपेक्षा सोळा वर्षांनी जुनी आहे. परंपरेचा हवाला द्यायचाच असेल, तर याही परंपरेचा द्या.